साठीला आल्यावर पहिलंच वाद्य शिकायचं तर कोणतं घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की वय अठ्ठावन्न, वाद्य कधी हातात धरलेलं नाही, गुडघ्यांमुळे मांडी घालता येत नाही, राहायला फ्लॅट. मुलगी म्हणते उकुलेले घ्या, मित्र म्हणतो बासरी. आणि आवड अभंगांची, नाट्यगीतांची.

मी म्हणेन, पेटी घ्या. मीही निवृत्तीनंतरच पेटीला हात लावला. आता गावच्या भजनात बुवांना दम लागला की तेवढ्यापुरती पेटी माझ्यापुढे सरकते. पात्रता एवढीच, त्या हिशेबाने वाचा.

बासरी स्वस्त असते, पण फुंक बसेपर्यंत नुसती हवा जाते आणि त्यातच पुष्कळांचा धीर सुटतो. उकुलेले वाईट नाही. चारच तारा, त्याही नायलॉनच्या, बोटं सोलत नाहीत. पण त्यावर मुख्यतः कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर) धरून गायचं असतं, आणि अभंगाची चाल कॉर्डवर फारशी सापडत नाही. शिवाय तारा आधी सुरात लावाव्या लागतात, आणि त्यासाठी लागणारा कानच तर आपल्याला अजून तयार करायचाय. पेटीत सूर आधीच लावलेला असतो. पट्टी दाबा, भाता हलवा, सूर हजर. याच गुणावर जाणकारांचा राग होता: सूर पक्के बसवलेले, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही. १९४० ते १९७१ आकाशवाणीवर पेटीला बंदी होती ती यातूनच. पण ज्याला अजून सा कुठे आणि रे कुठे हे शोधायचंय, त्याने मींडेचं दुःख आत्ताच कशाला करावं?

आता मुद्द्याचं. बहुतेक ठिकाणी सुरुवात पांढरी एकपासून (दोन काळ्यांच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी), सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर करून देतात. ते चूक नाही. पण तिथे चौथ्या सुराला अंगठा बोटांखालून न्यावा लागतो आणि आपल्या वयाची बोटं नेमकी तिथेच अडखळतात. मी सांगेन, पहिले काही आठवडे फक्त काळ्या पट्ट्यांवर राहा. पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांत असतात. दोनच्या गटातल्या काळी एक आणि दोन, तीनच्या गटातल्या काळी तीन, चार, पाच. काळी तीनला सा धरा. तर्जनी, मध्यमा, अनामिका तीन, चार, पाचवर ठेवा: सा रे ग. मग वरच्या सप्तकातल्या काळी एक-दोनवर तर्जनी आणि मध्यमा: प ध. झाले भूप रागाचे सूर. पांढऱ्या पट्टीला हातही लागला नाही. गट बोटांना चाचपून कळतात, त्यामुळे वाकून बघावं लागत नाही. बायफोकल चष्मा असेल तर याचं मोल लगेच कळेल.

खरी मजा पुढे आहे. त्याच पाच पट्ट्या, फक्त सा बदलायचा. काळी एकला सा धरलात तर सा रे म प ध, म्हणजे दुर्गाचे सूर. काळी दोनवरून धानीचे, काळी चारवरून मधमाद सारंगाचे. काळी पाचवरून धरलात तर मालकंस! पट्ट्या त्याच असताना भूपाचा मालकंस कसा होतो हे पुस्तकात वाचून डोक्यात शिरत नाही, हाताने वाजवलं की एका संध्याकाळी कळतं. याला मूर्च्छना म्हणतात. अर्थात सूर मिळाले म्हणजे राग मिळाला असं नव्हे. त्याचं चलन (सूर कसे पुढे-मागे जातात), ठहराव (कुठे थांबायचं) हे गुरूकडूनच घ्यायचं. पण पाच बोटांत पाच रागांचे सूर, उशिरा सुरू करणाऱ्याला आणखी काय हवं?

वाजवताना तोंडाने म्हणा, निदान गुणगुणा. चाळीस वर्षं ऐकलेलं गाणं आपल्या कानात असतं. ही मिळकत दहा वर्षांच्या मुलाकडे नसते. बोट चुकलं तर कान लगेच सांगतो. पुरुषांचा आवाज बहुधा काळी एकच्या आसपास बसतो, म्हणजे गाऊन वाजवायला दुर्गा सोयीचा.

गुडघ्यांची काळजी सोडा. पेटी टेबलावर ठेवून खुर्चीवर बसून वाजवता येते. टेबल मात्र इतकं बुटकं हवं की पेटीच्या पट्ट्या कोपराच्या वर जाणार नाहीत, नाहीतर खांदा भरून येतो. डाव्या हाताने भाता सावकाश, एकसारखा. सायकलीत हवा भरल्यासारखा हाणू नका.

खरेदी करताना स्केलचेंजर (पट्ट्यांची अख्खी ओळ सरकवून सूर बदलायची सोय) आणि कपलर (एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही वाजते) यांच्या नादी लागू नका. वजन वाढतं, पैसे वाढतात, उपयोग शून्य. साधी दोन सुरांची, म्हणजे आत सुरांच्या दोन ओळी असलेली पेटी पुरते, जुनी असली तरी चालेल. भाता भरा, एकही पट्टी न दाबता थांबा. भाता भराभर बसला किंवा फुसफुस आवाज आला तर घेऊ नका. मग प्रत्येक पट्टी एकेक करून वाजवून बघा. पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात, म्हणून शक्यतो उन्हाळ्यात पारखलेली पेटी जुलैत पुन्हा एकदा दुरुस्तीवाल्याला दाखवा.

शेजाऱ्यांचं विचारलंत. पुढच्या खुंट्यांपैकी एकच ओढा, म्हणजे सुरांची एकच ओळ वाजते, आणि भाता हलका ठेवा. आवाज बराच उतरतो. तरी भिंत सामाईक असेल तर तासभर भूप वाजवण्याआधी एकदा त्यांच्याकडे चहाला जाऊन या.