सोडली, पण सुटली नाही

भुसावळहून एका वाचकाने विचारले आहे: चालू व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने संगणकाच्या आत उभा केलेला दुसरा संगणक) बंद न करता तिला डिस्क किंवा नेटवर्क कार्ड लावणे-काढणे यासाठी एका प्रशिक्षण पुस्तिकेत 'उष्ण जोडणी' आणि 'उष्ण विलगीकरण' असे शब्द दिले आहेत. ते बरोबर आहेत का? आणि 'डिस्क काढली', 'सोडली', 'सुटली' यांतले नेमके काय म्हणावे?

'उष्ण' साफ चूक आहे, आणि हल्ली ते इतक्यांदा कानावर येते की चीड येते. इंग्रजी 'हॉट'चा इथला अर्थ 'वीज खेळती असलेले, चालू' असा आहे. तापण्याशी त्याचा संबंध नाही. डीपीवर काम करणारा आपला वायरमन 'लाईन चालू आहे, हात लावू नको' असेच ओरडतो. तोच शब्द घ्या: चालू जोडणी. हा मुद्दा इथेच संपला.

खरी गंमत 'सोडणे' आणि 'सुटणे' या जोडीत आहे. एकात ड, दुसऱ्यात ट, असे का? तोडणे-तुटणे, फोडणे-फुटणे यांतही तेच दिसते. संस्कृतात 'त्रुट्यति' म्हणजे तुटते. त्यातल्या 'ट्य'चे प्राकृतात 'ट्ट' झाले, 'तुट्टइ'. जोडाक्षराच्या आधाराने ट टिकला आणि मराठीत 'तुटणे' आले. 'त्रोटयति' म्हणजे तोडतो. इथला ट दोन स्वरांमध्ये एकटा सापडला, म्हणून मऊ होऊन ड झाला: 'तोडेइ', मग 'तोडणे'. उ आणि ओ हा फरक म्हणजे पाणिनीचा 'गुण', म्हणजे उ-चा ओ करणारा व्याकरणातला नियम. तो आजही आपल्या तोंडात जिवंत आहे. शेंग फोडणारी बाई आणि फुटणारी शेंग, दोघी त्याच नियमाने चालतात.

'सोडणे' हिंदी 'छोडना'वरून आले असे एका व्याख्यानात ठासून सांगितलेले मी ऐकले. ते मला मुळीच मान्य नाही. प्राकृतातल्या छ-चा स करणे ही मराठीची जुनी खोड आहे: छुरीची सुरी, मच्छाचा मासा. नवापूर ओलांडून सुरतेकडे गेलात की 'छोडवुं' ऐकू येते, नवापूरच्या या बाजूला 'सोडणे'. ही भावंडे आहेत. कोणी कोणाकडून उसने घेतलेले नाही.

'जोडणे' सरसकट 'युज्' (जोडणे) या संस्कृत धातूवरून लावणाऱ्यांनाही माझा असाच सवाल आहे: ज-चा ड कोणत्या नियमाने झाला? बैलाच्या मानेवरचे 'जू' हे 'युग'वरून आले आणि इंग्रजी 'योक'ही त्याच घरचे, हे कबूल. पण 'जोड' त्या घरातली नाही. 'एकजूट' हा शब्द पाहा. जूट आणि जोड, तूट आणि तोड: तोच ट, तोच ड. माझ्या मते मूळ धातू ट-कारान्तच असला पाहिजे, आणि ही जोडी मला दुसऱ्या कुठल्याही व्युत्पत्तीपेक्षा पटते.

आता सुटण्याकडे. धुळ्याचा माझा भाचा सर्व्हरचे काम पाहतो. एकदा रात्री त्याचा फोन आला, ''मामा, डिस्क काढी टाकी, तरी बी दिसी ऱ्हायनी!'' क्यूएमू या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर त्याने 'डिव्हाइस डेल' ही आज्ञा दिली होती आणि ती बिनतक्रार स्वीकारली गेली होती. पण ही आज्ञा म्हणजे नुसती विनंती असते. आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमने डिव्हाइस मोकळे केले, की मगच 'डिव्हाइस डिलीटेड' अशी वर्दी येते. त्याची मशीन तेव्हा अजून बूटच होत होती. विनंती ऐकायला आत कोणी नव्हते. पाच मिनिटांनी त्याने तीच आज्ञा पुन्हा दिली आणि डिस्क गेली. मी त्याला म्हटले, ''सोडी, पन सुटनी नही, असं म्हण.'' बाहेरचा सोडतो, आतल्याने मोकळे केले की ती सुटते. इंग्रजीत 'डिटॅच' या एकाच क्रियापदाने दोन्ही अर्थ भागवावे लागतात. आपल्याकडे त्यासाठी दोन वेगळी क्रियापदे तयार आहेत. 'विलगीकरण' म्हटले की हा भेद पुसला जातो, म्हणून तो शब्द मला नको आहे.

जोडण्याच्या बाजूला मात्र एकच क्रियापद पुरते, पण जागा आधी राखलेली हवी. पीसीआय एक्स्प्रेस (कार्डे आणि डिस्क जोडण्याची पद्धत) वापरणाऱ्या मशीनमध्ये मूळ बसवर, म्हणजे मुख्य जोडमार्गावर, थेट चालू जोडणी होत नाही. त्या बसवर रिकामे रूट पोर्ट, म्हणजे डिव्हाइस बसवायच्या जागा, सुरुवातीलाच ठेवावे लागतात, आणि एका पोर्टवर एकच डिव्हाइस बसते. चालू मशीनला रॅमची पट्टी वाढवायची तर स्लॉट आणि कमाल मर्यादा सुरू करतानाच सांगावी लागते. गोठ्यात खुंटा ठोकलेला नसेल तर पोळ्याच्या बाजारातून आणलेला बैल बांधणार कुठे? या रिकाम्या पोर्टला मी 'खुंटा' म्हणतो, आणि भाचाही आता तेच म्हणतो.