भोकं बुजवू नकोस

चि.,
अनेक आशीर्वाद.

१९७०च्या पहिल्या वसुंधरा दिनाचं सायकेडेलिक पोस्टर तुझ्या हाती लागलंय. कोपऱ्यांत पिनांची भोकं, मधोमध घडी, मागे पिवळी पडलेली सेलोटेप. विक्रेता म्हणतो, थोडे पैसे टाका, नवंकोरं करून देतो. आणि तू विचारात पडलास! भोकं बुजवू नकोस.

अरे, ही पोस्टरं कपाटात ठेवायला छापलीच नव्हती. जानेवारी १९६९मध्ये कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्यावर तेल पसरलं, जूनमध्ये क्लीव्हलंडची, तेलकट घाणीने भरलेली कायाहोगा नदी पेटली, आणि पुढच्या २२ एप्रिलला, पहिल्या वसुंधरा दिनी, अमेरिकेत लाखो माणसं रस्त्यावर उतरली. वेस विल्सन, व्हिक्टर मोस्कोसो या पोस्टर-चित्रकारांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या संगीताच्या कार्यक्रमांसाठी घडवलेली वितळती अक्षरं आणि डोळ्यांत घुसणारे लाल-निळे रंग, म्हणजेच ही सायकेडेलिक शैली, पर्यावरण चळवळीनेही उचलली, कारण पोस्टरने जाणाऱ्या-येणाऱ्याला थांबवायचं होतं. कुणीतरी ते भिंतीवर लावलं होतं, याचा पुरावा म्हणजे ती भोकं. तोच तू पैसे देऊन पुसणार?

अस्सल-नक्कल ओळखायची तर भिंग घे. स्क्रीनप्रिंटच्या, म्हणजे जाळीतून शाई दाबून केलेल्या छपाईच्या, सपाट रंगात बारीक ठिपके दिसले, तर ती नंतरची नक्कल. अतिनील दिव्याखाली कागद चमकला म्हणजे नक्कलच, असं समजून घाबरू नकोस. १९७०च्या कागदातही चमक आणणारी रसायनं असत. कोपरा दुमडलेला असेल तर हलकेच उघडून बघ: आतला फ्लुरोसंट गुलाबी अजून पेटलेला असतो, बाहेरचा उन्हाने उडालेला.

एका दुकानाने माझं पोस्टर कापडावर चिकटवताना कडा ‘सारख्या’ केल्या आणि खालची छापखान्याची ओळ, कामगार संघटनेच्या इवल्याशा शिक्क्यासकट, कापून टाकली. ती हळहळ अजून जात नाही. तेव्हापासून नवं करून घेतलेलं पोस्टर मी घेत नाही, माझं कुणाला करू देत नाही. घरचे म्हणतात, अशाने भाव येणार नाही. न येवो! भावासाठी मी जमवलीच नाहीत. आणि माझं बरोबर आहे, हे मी आजही कुणालाही सांगेन.

टेप मात्र काढून घे, ती कागद खाते. पण घरी ओढू नकोस, कागदाच्या संवर्धकाकडेच दे. मग आम्लविरहित फोल्डरमध्ये, सपाट, उन्हापासून लांब ठेव. भोकांना हात लावायचा नाही, हे त्यालाही बजावून सांग.

आणि उद्याच विक्रेत्याला विचार, हे कुणाच्या घरातून आलं, कुठल्या भिंतीवर होतं. सांगेल ते फोल्डरवर पेन्सिलीने लिही, पोस्टरवर नव्हे.

तुझा,
काका