सीएसआरवर दोन टक्के खर्च केले की कंपनीची सामाजिक जबाबदारी पूर्ण होते का?

तुम्ही लिहिलंय की एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला ‘व्यवसायातील नैतिकता आणि सामाजिक जबाबदारी’ या विषयावर प्रकल्प आहे, आणि सीएसआरचे, म्हणजे कायद्याने सामाजिक कामांसाठी ठरवून दिलेले पैसे खर्च करणारी कंपनी जबाबदार मानायची का, यावर वर्गात वाद झाला. माझं मत विचाराल तर मानू नये. निदान तेवढ्यावरून तरी नाही.

मी मॅनेजमेंट शिकलेलो नाही. भोसरी एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. तीन सीएनसी म्हणजे संगणकावर चालणारी मशीन, दोन जुने लेथ, मला धरून पंधरा माणसं. बुश, पिन, स्पेसर असे टर्निंगचे पार्ट आम्ही बनवतो. मोठ्या कंपन्यांच्या नैतिकतेशी माझा संबंध त्यांच्या माल आत घेणाऱ्या इनवर्ड गेटपासून सुरू होतो आणि अकाउंट्सच्या खिडकीशी संपतो. पण हा विषय खरा कळतो तो याच दोन जागांच्या मधे, असं मला वाटतं.

आधी कायदा बघू. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की ज्या कंपनीची नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून जास्त आहे, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. याच्याच नियमांमधली एक गोष्ट तुमच्या वर्गातला वाद मिटवेल. फक्त स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम सीएसआरमध्ये धरता येत नाही, आणि नेहमीच्या धंद्याचा भाग म्हणून केलेलं कामही धरता येत नाही. म्हणजे कामगाराचा पीएफ वेळेवर भरणं, ओव्हरटाइमचे दुप्पट पैसे देणं, पुरवठादाराच्या बिलाचे पैसे देणं, सांडपाणी शुद्ध करूनच सोडणं, यातलं काहीच सीएसआर नाही. ते करायचंच असतं, असं कायद्याने गृहीत धरलंय. दोन टक्क्यांचा हिशेब त्यानंतर येतो. प्रत्यक्षात मात्र या गृहीत धरलेल्या गोष्टींकडे कुणी बघत नाही, आणि दोन टक्क्यांचे फोटो वार्षिक अहवालाच्या गुळगुळीत पानांवर छापून येतात.

आता माझं उदाहरण घ्या. काही वर्षांपूर्वी एका मोठ्या कंपनीचं काम माझ्याकडे होतं, महिन्याला साधारण ५ लाखांचं. पीओवर, म्हणजे खरेदीच्या ऑर्डरवर, ४५ दिवसांचं क्रेडिट लिहिलेलं, पैसे यायचे ते १२० दिवसांनी. जीएसटी धरून महिन्याचं बिल ५ लाख ९० हजार. चार महिन्यांचे धरले तर माझे २३ लाख ६० हजार कायम त्यांच्याकडे अडकलेले. ४५ दिवसांत पैसे मिळाले असते तर अडकले असते ८ लाख ८५ हजार. मधल्या पावणेपंधरा लाखांवर मी बँकेला सीसीचं (धंद्यासाठी घेतलेल्या कॅश क्रेडिट कर्जाचं) ११ टक्के व्याज भरत होतो, वर्षाला १ लाख ६२ हजार. माझ्या हेल्परच्या दहा-अकरा महिन्यांच्या पगाराइतकी ही रक्कम. महिन्याच्या बिलातला ९० हजारांचा जीएसटी तर बिल फाडलं की पुढच्या महिन्यात मला सरकारला भरावाच लागे, कंपनीकडून दमडी आलेली नसली तरी.

त्याच वर्षी त्या कंपनीने आमच्याच भागातल्या एका शाळेला बाकं दिली, भिंती रंगवून दिल्या. काम चांगलं होतं. मुलांना बाकं हवीच होती आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या शाळेत माझ्या ऑपरेटरचा मुलगा होता, आणि त्या महिन्यात त्या ऑपरेटरचा पगार मी दहा तारखेऐवजी एकवीसला केला होता. हे दोन्ही एकाच कंपनीमुळे घडलं. अहवालात त्यातलं एकच छापून आलं.

तुम्ही म्हणाल, कायदा नाही का? आहे, आणि चांगला आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा २००६. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला ठरलेल्या तारखेला पैसे द्यायचे आणि ती तारीख कितीही पुढची ठरवली तरी ४५ दिवसांच्या पलीकडे जाता येत नाही. काहीच ठरलं नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. जीआर, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, उशिरा काढायची जी युक्ती सर्रास चालते, म्हणजे माल गेटच्या आत पडून आहे पण स्टोअरने आवक दाखवलेलीच नाही, तिलाही या कायद्यात जागा नाही. माल दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर दिला त्याच दिवशी तो स्वीकारला असं धरतात. दाद मागायला फॅसिलिटेशन कौन्सिल आहे, २०१७ मध्ये ‘समाधान’ पोर्टल आलं, तेव्हापासून घरबसल्या ऑनलाइन अर्जही करता येतो.

मी अर्ज केला नाही. माझ्या ओळखीत ज्यांनी केला त्यांना पैसे मिळाले असतील किंवा नसतील, पुढचा पीओ मात्र नक्की मिळाला नाही. माझ्या कामाचा साठ टक्के भाग एकाच गिऱ्हाइकाकडून येत होता. ते गेलं तर दोन मशीनचे हप्ते कशातून भरायचे? समोरच्याला आपल्याविरुद्ध बोलणं परवडणार नाही हे पक्कं माहीत असताना आपण त्याच्याशी कसे वागतो, व्यवसायातली नैतिकता मी तिथे बघतो. कायदा मोडला की पाळला हा प्रश्न माझ्यासारख्याच्या बाबतीत बहुतेक वेळा उपस्थितच होत नाही, कारण तो उपस्थित करणारा मीच असतो.

त्या कंपनीचे परचेस मॅनेजर वाईट नव्हते. मुद्दाम सांगतो, कारण मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्याने इथे थांबून विचार करावा असं मला वाटतं. एकदा ते मोकळेपणाने म्हणाले, “माझ्या अप्रेझलमध्ये क्रेडिट पीरियड किती वाढवला याला मार्क आहेत. तुमचे पैसे वेळेवर सोडले तर माझे मार्क जातात.” त्यांच्या केबिनबाहेर सचोटी आणि आदर या मूल्यांचा बोर्ड लावलेला होता. बोर्डावर आदर आणि टार्गेटमध्ये १२० दिवस असतील तर माणूस टार्गेटच पाळणार, त्याचंही घर चालायचंय. म्हणून कुठल्याही कंपनीची नैतिकता अभ्यासायची असेल तर तिचं ‘कोड ऑफ कंडक्ट’ नंतर वाचा. आधी विचारा की तिथे बढती कशासाठी मिळते.

आता माझी बाजू. कंपनी मला १२० दिवसांनी पैसे देत होती तेव्हा मी काय केलं? माझे पार्ट झिंक प्लेटिंगसाठी, म्हणजे जस्ताचा मुलामा द्यायला, ज्यांच्याकडे जायचे, त्यांचे पैसे थांबवले. त्यांचं बिल महिन्याला ३८ हजार. पाच महिन्यांचं थकलं, १ लाख ९० हजार. ते माझ्याहून लहान, सहा माणसांचं युनिट. फोन आला की मी सांगायचो, “वरून आले की लगेच देतो.” ते खोटं नव्हतं, पण त्यांच्यापुढे मीच ती मोठी कंपनी झालो होतो, हे मला दिसलं नाही. त्यांनाही माझ्याविरुद्ध बोलणं परवडणार नव्हतं.

याहून मोठी चूक वेगळीच होती. दरवर्षी मी त्यांच्याशी किलोमागे आठ आणे, रुपया कमी करण्यासाठी घासाघीस करायचो आणि त्यांचं पाणी कुठे जातं हे कधी विचारलं नाही. प्लेटिंगच्या पाण्यात जड धातू असतात, मुलाम्यानंतरच्या पॅसिव्हेशन प्रक्रियेतून क्रोमियम येतं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात इलेक्ट्रोप्लेटिंग लाल, म्हणजे सर्वात जास्त प्रदूषणाच्या श्रेणीत मोडतं. ते पाणी नीट शुद्ध करायला केमिकल लागतं, वीज लागते, गाळ अधिकृत ठिकाणी पाठवायचे पैसे लागतात. मी जो दर मागत होतो त्यात हे बसत नाही, हे मला साध्या हिशेबाने कळायला हवं होतं. आमची आई आषाढीच्या आधी आळंदीला जाते. इंद्रायणीवरचा तो पांढरा फेस तुम्हीही बातम्यांत पाहिला असेल. त्यात गावांचं मैलापाणी किती आणि कारखान्यांचं किती याचा हिशेब वेगळा, आणि आमच्या प्लेटिंगचं काही त्यात होतं असं मी म्हणत नाही. पण घाटावर उभं राहून तिने विचारलं, “हे तुमच्याकडचंच का रे?” मला तिला नाही म्हणता आलं नाही. कारण मला ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक करून घेण्याची तसदी मी घेतली नव्हती.

त्यानंतर मी त्यांच्या युनिटवर गेलो, प्रदूषण मंडळाचा परवाना म्हणजे कन्सेंट बघितला, टाक्या बघितल्या, त्यांच्याबरोबर बसून दर पुन्हा काढला. किलोमागे दोन रुपये वाढले. ते वाढवून मागायला मी माझ्या गिऱ्हाइकाकडे गेलो तेव्हा त्यांनी नकार दिला. ते दोन रुपये आजही माझ्या मार्जिनमधून जातात. सगळ्यांना हे जमेल असं मी म्हणत नाही.

कायद्याने काही बदलतं का? थोडं. २०२३ च्या वित्त अधिनियमाने प्राप्तिकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आणलं. सूक्ष्म-लघु उद्योगाला मुदतीत पैसे दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च ज्या वर्षी प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी करपात्र उत्पन्नातून वजा करता येतो. मार्च २०२४ मध्ये माझी जुनी बिलं एकदम सुटली, फोन न करता. कारण सरळ होतं, ३१ मार्चला थकबाकी दिसली असती तर त्या वर्षीचा कर वाढला असता. पण त्याच वर्षात कधीही पैसे दिले तरी वजावट मिळते, म्हणून एप्रिलपासून पुन्हा ९०-१०० दिवस सुरू झाले.

वर्गात टाटांचं उदाहरण येईल, यायलाच हवं. टाटांच्या पोलाद कारखान्याने १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू केला, आपला कारखाना अधिनियम आला १९४८ मध्ये. ते उदाहरण देताना एवढं बघा की तो निर्णय कारखाना कसा चालवायचा याचा होता. उरलेल्या नफ्यातून केलेलं ते दान नव्हतं.

प्रकल्पासाठी एक काम सुचवतो. तीन-चार मोठ्या कंपन्यांचे वार्षिक अहवाल घ्या आणि सीएसआरचं प्रकरण बाजूला ठेवून हिशेबाच्या टिपांमध्ये ‘ट्रेड पेएबल्स’, म्हणजे पुरवठादारांची देणी, शोधा. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे किती पैसे देणं बाकी आहे, मुदतीनंतर किती दिले, त्यावर किती व्याज झालं, हे तिथे दाखवावं लागतं. मग भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, जिथे सोयीचं असेल तिथे चार छोट्या वर्कशॉपमध्ये जा. नाव छापणार नाही असं आधी सांगा, नाहीतर कुणी बोलणार नाही. चहा घेता घेता विचारा की तुमचं सगळ्यात जुनं न आलेलं बिल किती दिवसांचं आहे. माझं विचाराल तर आज ९७ दिवसांचं आहे. प्लेटिंगवाल्यांचे मात्र या महिन्यात तिसाव्या दिवशी दिले.