वाचक विचारतात : कंट्रोलर झोपतो, मग बॅटरी कोण खातो?

प्रश्न : वरुड तालुक्यात काळ्या जमिनीत संत्र्याचा बगिचा आहे. मातीत खोचायचा पट्टीसारखा कपॅसिटिव्ह सेन्सर, एटीमेगा ३२८पी कंट्रोलर (आकडे वाचणारी छोटी चिप) आणि २६०० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास) १८६५० मापाचा लिथियम सेल जोडून ओलावा मोजतो. कंट्रोलर अर्ध्या तासाने क्षणभर जागा होतो, तरी सेल वीस दिवसांत बसतो. शिवाय आंबिया बहारासाठी पाणी तोडून दिलेल्या ताणात आकडा एकदम ‘कोरडा’ झाला. खणून पाहिले तर माती ओलसर. सेन्सर बिघडला का?
– एक बागायतदार, जि. अमरावती

उत्तर : झोपतो तो कंट्रोलर, सेन्सर चोवीस तास जागाच असतो. त्यावरची ५५५ टायमर ही चिप सुमारे ५ मिलिअँपिअर खाते. २६०० ला ५ ने भागा : ५२० तास, म्हणजे साधारण साडेएकवीस दिवस. सेलचा दोष नाही.

सेन्सरची व्हीसीसी (वीज पुरवणारी) तार कंट्रोलरच्या डिजिटल पिनला जोडा. एवढा करंट पिन सहज देते. मोजताना पिन हाय (चालू) करा, ३०० मिलिसेकंद थांबा, दहा वाचने घेऊन मधले धरा, मग पिन लो (बंद) करा. पुरवठ्याला एमसीपी१७०० हा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) घ्या. तो स्वतः दोनेक मायक्रोअँपिअरच घेतो. बोर्डावरचा पॉवरचा दिवा काढून टाका. भारी जमिनीत अर्ध्या तासाने मोजण्यात तसाही अर्थ नाही, तीन तासांनी पुरे.

त्याआधी सेन्सरवरच्या टायमर चिपचे नाव भिंगातून वाचा. टीएलसी५५५ असेल तर ३.३ व्होल्टवर चालेल. एनई५५५ ला ४.५ लागतात, तो सेन्सर बाजूला ठेवा. मग मल्टिमीटरने आउटपुट आणि ग्राउंडमधला रोध बघा. तो १ मेगाओहमच्या आसपास हवा. स्वस्त मालात हा रेझिस्टर कित्येकदा ग्राउंडला जोडलेलाच नसतो, मग आकडा स्थिरावता स्थिरावत नाही.

आता कोरड्या आकड्याचे. काळी माती वाळताना आकसते आणि भेगाळते. भेग नेमकी पट्टीला लागून गेली की पट्टीभोवती हवा राहते. सेन्सर ओल ओळखतो ती डायइलेक्ट्रिक स्थिरांकावरून, म्हणजे पदार्थ विद्युतभार साठवायला किती मदत करतो त्यावरून. पाण्याचा हा आकडा ८० च्या घरात, हवेचा १. सेन्सर बिचारा हवाच मोजतो. तुमचा सेन्सर बहुधा धड आहे.

पट्टी सरळ ठोकू नका. ड्रिपरपासून वीतभर अंतरावर तिरका खड्डा घ्या, त्याच खड्ड्यातली माती पाण्यात कालवून घट्ट राबडी करा, पट्टी तीत बसवून हाताने दाबा. दुसरा सेन्सर दुसऱ्या झाडाखाली लावा. दोघांत अचानक मोठी तफावत पडली तर आधी भेग शोधा.

पट्टीच्या कापलेल्या कडा उघड्या असतात, तिथून पाणी आत झिरपते. त्यांवर इपॉक्सीचे (पाणी न शिरू देणाऱ्या लेपाचे) दोन हात द्या, आणि हे कॅलिब्रेशनच्या, म्हणजे आकडा आणि खरी ओल यांचा मेळ घालण्याच्या आधी, कारण थराने आकडा बदलतो. कॅलिब्रेशनला आपल्याच वावरातली २ किलो पूर्ण वाळलेली माती घ्या, दर वेळी २०० मिली पाणी नीट कालवा, सारखी दाबा आणि आकडा टिपा : १०, २०, ३० टक्के. पुरवठा बदलल्यामुळे जुने आकडे आता चालणार नाहीत. बगिच्यात राबडी मुरेपर्यंत, म्हणजे निदान दोन ओलिते होईपर्यंत, येणारे आकडेही धरू नका.