आधी वायर लावून बघा

भाऊ, नेट हळू चालतंय म्हणून इंटरनेट कंपनीला फोन लावायच्या आधी वायफाय बंद करून राउटर ते कॉम्प्युटर थेट लॅन केबल जोडा आणि मग स्पीड मोजा. केबलवर पूर्ण स्पीड आला, तर लाइन चांगली आहे, घोळ वायफायचा.

आमचं परभणीतलं घर जुनं, भिंती हातभर जाड. राउटर ओसरीत, कॉम्प्युटर माजघरात. वायफायचे दोन पट्टे असतात, 5 आणि 2.4 गिगाहर्ट्झ. 5 चा सिग्नल भिंतीतच जिरायचा. 2.4 वर पोचायचा, पण तिथं शेजारपाजारच्या राउटरांची ही गर्दी! शेवटी भिंतीला भोक पाडून केबलच ओढली.

तरी प्लॅन 200 एमबीपीएसचा (सेकंदाला 200 मेगाबिट) आणि स्पीड 94-95 लाच अडकलेला. गिगाबिटला, म्हणजे 1000 एमबीपीएसच्या जोडणीला, केबलमधल्या आठही तारा लागतात; एखादी तुटली की जोडणी 100 वर उतरू शकते. माझी उंदरानं कुरतडली होती, अन् मी महिनाभर कंपनीला शिव्या घालत होतो.

विंडोजमधला टास्क मॅनेजरही उघडा, त्यात चालू प्रोग्रामांची यादी दिसते. नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक केलं की कोण नेट खातंय ते वर येतं. बहुतेकदा अपडेटच असतं.

आणि 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. 8 बिटांचा एक बाइट. त्यावरून भांडू नका, मी भांडून बसलोय.