द्राक्षबागेतल्या मजुरांवर ‘काहीच नाही’ असं वाटतं तेव्हा

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा लघुप्रबंध, विषय नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हंगामापुरते येणारे आदिवासी मजूर. कॉलेजच्या लायब्ररीत तीन दिवस बसलीस, हाती काही लागलं नाही. आणि मॅडम म्हणतात, पेपरातल्या बातम्या नि विकिपीडिया चालणार नाही, ‘स्कॉलरली’ संदर्भ आणा.

वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करते. तीन दिवस काय शोधलंस ते लिहिलं नाहीस, पण माझा अंदाज आहे की संगणकावर प्रबंधाचं आख्खं शीर्षक टाकलंस. मी एम.ए.ला असताना हेच केलं होतं. निकाल शून्य. तावातावाने काउंटरवर जाऊन म्हणाले, ‘सर, आपल्याकडे काहीच नाही.’ ग्रंथपाल सर काही न बोलता उठले आणि मला अर्थशास्त्राच्या रॅकपाशी नेऊन उभं केलं. तिथे होतं सगळं.

कारण साधं आहे. आपल्याकडच्या बहुतेक कॉलेजांत पुस्तकं ड्युई पद्धतीने, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा देऊन, लावतात. समाजशास्त्र म्हटलं की आपण ३०१ला जातो आणि तिथली पाठ्यपुस्तकं चाळून परत येतो. पण स्थलांतर असतं ३०४.८ला, जात-वर्ग ३०५.५ला, ग्रामीण समाज ३०७.७२ला आणि मजूर थेट ३३१ला, म्हणजे अर्थशास्त्रात. तुझा एक विषय चार कपाटांत विखुरलेला आहे. हे आकडे चिठ्ठीवर लिही आणि रॅकसमोर उभी राहून पुस्तकांची अनुक्रमणिका बघ. कॅटलॉगवर फार विसंबू नको. अनेक ठिकाणी मराठी पुस्तकं रोमन लिपीत चढवलेली असतात; ‘आदिवासी’ एका नोंदीत एका ‘ए’ने, दुसरीत दोन ‘ए’ने. दोन्ही टाकून बघायचं, नाहीतर लेखकाच्या आडनावाने शोधायचं.

आता मुख्य गोष्ट. तुझा विषय अभ्यासकांच्या जगात दुसऱ्या नावाने राहतो. बागेत आपण मुकादम म्हणतो, टोळी म्हणतो, उचल म्हणतो. हेच शब्द टाकून शोधलंस तर क्वचितच काही सापडेल. मुकादमाला तिकडे ‘लेबर कॉन्ट्रॅक्टर’, ‘जॉबर’ किंवा ‘इंटरमीडियरी’ म्हणतात. उचल ही ‘अ‍ॅडव्हान्स’ असते आणि ती फेडण्यापायी माणूस बांधला गेला की ‘डेट बाँडेज’. चार महिने येऊन परत जाणं म्हणजे ‘सीझनल’ किंवा ‘सर्क्युलर मायग्रेशन’. वहीत दोन रकाने पाड, डावीकडे बागेतला शब्द, उजवीकडे पुस्तकातला. उजवा रकाना भरायला अर्धा दिवस लागेल; तो लागू दे. त्याच्याशिवाय पुढचं सगळं हवेत जातं.

दुसरं, ‘नाशिक’ शब्दाचा हट्ट सोड. तुझ्या नेमक्या गावांवर कोणी लिहिलं नसेल तर तीच तुझ्या प्रबंधाची जागा आहे. शेजारी बघ. सुरगाण्याची हद्द गुजरातला लागते, आणि यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने दक्षिण गुजरातेतल्या मजुरांवर अनेक दशकं काम केलं. बारडोलीच्या साखर कारखान्यांच्या ऊसतोडीवरचा त्याचा लेख १९७८ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त आला, आणि त्या ऊसतोडीला माणसं आपल्या खानदेशातून जायची. त्याचंच ‘फूटलूज लेबर’ हे पुस्तक १९९६चं. ‘निओ-बाँडेज’, म्हणजे नव्या प्रकारची वेठबिगारी, हा शब्द तुला तिथे भेटेल. तो द्राक्षबागेला लागू पडतो की नाही हे तुझ्या मुलाखती ठरवतील. ऊस वेगळा, द्राक्ष वेगळं. छाटणीला हात बसलेला लागतो, आणि त्यामुळे मजुराचं वजन वाढतं का, हा प्रश्न मला तरी फार इंटरेस्टिंग वाटतो.

एक चांगला लेख मिळाला की मागे-पुढे दोन्हीकडे जायचं. मागे म्हणजे त्याच्या संदर्भसूचीत. पुढे म्हणजे गूगल स्कॉलरवर त्या लेखाखालच्या ‘साइटेड बाय’वर टिचकी मारून, नंतर कोणाकोणाला तो वापरावासा वाटला ते बघायचं.

हे लेख वाचायचे कुठून? कॉलेज एन-लिस्टचं सभासद आहे का ते ग्रंथपालांना विचार. कॉलेजांना ऑनलाइन नियतकालिकं पुरवणारी ती योजना, गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या संस्थेची. एकदा लॉगिन मिळालं की हजारो नियतकालिकं घरबसल्या उघडतात. मुलं हे लॉगिन मागतच नाहीत, याचं मला दरवर्षी नवल वाटतं. ते होईपर्यंत जेस्टोरवर, म्हणजे नियतकालिकांच्या ऑनलाइन संग्रहावर, स्वतःचं मोफत खातं काढ, महिन्याला शंभर लेख ऑनलाइन वाचता येतात आणि ‘वीकली’चे जुने अंक तिथे आहेत.

शोधगंगा या संकेतस्थळावर भारतातल्या विद्यापीठांचे पीएच.डी.चे प्रबंध प्रकरणवार मिळतात. दर्जा मात्र फार खालीवर आहे, डोळे मिटून उचलू नको. मी आधी ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ आणि संदर्भसूची एवढंच उतरवते. आढावा नुसती नावांची माळ असेल तर बाकी प्रबंध वाचायच्या भानगडीत पडत नाही.

आकड्यांसाठी जिल्हा जनगणना पुस्तिका बघ, गावनिहाय माहिती मिळते. पण २०११नंतर जनगणना झालेली नाही, आणि हंगामी माणूस तिच्यात नीट सापडतही नाही. त्यासाठी राष्ट्रीय नमुना पाहणीची ६४वी फेरी (२००७-०८) काढ. वर्षभरात कामासाठी एक महिना किंवा जास्त, पण सहा महिन्यांहून कमी काळ बाहेर राहिलेला, अशी अल्पकालीन स्थलांतरिताची व्याख्या तिथे आहे. आकडे जुने असले तरी व्याख्या तुझ्या दुसऱ्या प्रकरणात कामाला येईल.

जुन्या काळासाठी १८८३चं नाशिक गॅझेटियर, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेला जिल्ह्याच्या माहितीचा ग्रंथ. वाचताना सावध राहा, डोंगरातल्या लोकांबद्दल साहेब जे लिहितो त्यातून त्या लोकांइतकाच साहेबही कळतो. शिवाय सुरगाणा तेव्हा संस्थान होतं, त्यामुळे जिल्ह्याच्या आकड्यांत ते धरलंय का हे प्रत्येक वेळी तपासायचं. टिळक पथावरच्या सार्वजनिक वाचनालयातही एक चक्कर मार. १८४०पासूनची संस्था आहे; जुन्या मराठी पुस्तकांसाठी आधी तिथे विचारून बघ.

‘स्कॉलरली’ कशाला म्हणायचं? अजूनही कोणी म्हणतं, यूजीसी-केअर यादीतलं, म्हणजे यूजीसीने मान्य केलेल्या नियतकालिकांतलं आणा. ती यादी यूजीसीने २०२५मध्ये बंद केली. तेव्हा स्वतः पारखायचं: लेखाचं परीक्षण झालंय का, माहिती कशी गोळा केली ते सांगितलंय का, संदर्भ तपासता येतात का. पैसे भरून आठवड्यात लेख छापून देणारी नियतकालिकं ओळखायला सोपी आहेत, एकाच अंकात द्राक्षावरची कीड, संत तुकाराम आणि जीएसटी. बातम्यांबाबत मात्र मॅडमशी एकदा बोल. सिद्धान्तासाठी बातमी चालत नाही हे खरं, पण मजुरीचा दर कोणत्या वर्षी किती होता याचा पुरावा म्हणून ती तारखेसकट वापरता येते.

दिवाळीच्या सुट्टीआधी एन-लिस्टचं तेवढं उरकून घे. आणि तो दोन रकान्यांचा कागद झाला की इथे टाक, उजव्या बाजूला काय राहिलंय ते मी बघते.