नारिताला एक रात्र: तिथलं साधं खाणं कुठे, किती वाजता, आणि शाकाहाऱ्यांनी काय सांगून

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेला जाताना जपानमध्ये नारिताला एक रात्र मुक्काम. दुपारी तीनला उतरणार, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचचं विमान, हॉटेल विमानतळाजवळ. महागड्या रेस्तराँत जायचं नाही, तिथली माणसं रोज खातात ते खायचंय. तुमचे यजमान मासे खातात, पण बीफ-पोर्क नाही. तुम्ही शाकाहारी, अंडं चालतं. आणि जेवायला टोकियो गाठावं का?

टोकियो सोडा. सर्वांत वेगवान गाडी पकडली तरी फलाटावरची वाट, तिथली गर्दी आणि परतीचा प्रवास धरून तीन तास नुसते जाण्या-येण्यात जातात. विमानतळापासून दहा मिनिटांवर नारिता गाव आहे. विमानतळ सुरू झाला 1978 साली. गावातलं नारितासान शिन्शोजी हे देऊळ मात्र सन 940 चं, आणि शेकडो वर्षं तिथे यात्रेकरू येताहेत. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावरची दुकानं आणि खानावळी त्यांच्याच पोटापाण्यासाठी उभ्या राहिल्या. साधं आणि तिथलं खाणं हवं असेल तर याहून चांगली जागा जवळपास नाही.

फक्त घड्याळ सांभाळा. देवळाचा रस्ता दिवसाचा. बरीचशी दुकानं संध्याकाळी पाचच्या आसपास शटर ओढतात. सहा वाजता तिथे पोचलात तर सुंदर, पण बंद रस्ता बघायला मिळेल. स्टेशनजवळच्या इझाकाया, म्हणजे पेयांबरोबर छोटे पदार्थ देणाऱ्या खानावळी, पाचनंतर जाग्या होतात. त्यामुळे पहिल्या संध्याकाळी स्टेशन, दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाचा रस्ता, असाच क्रम ठेवा. अनेक छोट्या खानावळी दुपारी दोन ते पाच बंद असतात, आणि शेवटची ऑर्डर दुकान बंद होण्याच्या अर्धा तास आधी घेतात, हेही ध्यानात असू द्या.

बाहेर पडायला भारतीय पासपोर्टावर व्हिसा लागतो. तो हातात नसेल तर इमिग्रेशन अधिकारी ऐनवेळी परवानगी देईल या भरवशावर बेत आखू नका. व्हिसा असेल तर ‘व्हिजिट जपान वेब’ या सरकारी संकेतस्थळावर माहिती आधीच भरून क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, रांगेत वेळ वाचतो. बाहेर आल्यावर सेव्हन बँकेच्या एटीएममधून दहा हजार येन काढा. छोट्या दुकानांत अजून रोख लागते. आणखी एक अडचण: जुलै 2024 मध्ये जपानने नवीन नोटा काढल्या, आणि जुनी तिकीट-यंत्रं त्या घेत नाहीत. काही यंत्रं तर हजाराच्या नोटेशिवाय काहीच घेत नाहीत. म्हणून कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये पाण्याची बाटली घेऊन दहा हजारांची नोट मोडून ठेवा.

आता गाडी. सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात, म्हणून जरा सविस्तर. विमानतळाच्या स्टेशनातून केइसेई कंपनीच्या गाड्या दोन वेगळ्या मार्गांनी जातात. स्कायलायनर आणि अॅक्सेस एक्स्प्रेस या दोन्ही नारिता-युकावाच्या मार्गाने जातात, केइसेई-नारिता स्टेशनला त्या लागतच नाहीत. चुकून बसलात तर पुढचं स्टेशन गावाबाहेरचं. तुम्हाला हवी आहे केइसेई मेन लाइन. पाटीवर ‘केइसेई-नारिता’ हे नाव आहे ना, ते वाचूनच चढा. जेआर या दुसऱ्या रेल्वे कंपनीच्या गाडीनेही जाता येतं, पण नारिता एक्स्प्रेसला जादा तिकीट पडतं आणि तिच्या बहुतेक फेऱ्या गावात थांबत नाहीत. साधी जेआर गाडी थांबते, पण ती तासाला साधारण एकच. केइसेई त्याहून बरीच वारंवार आहे. दोन्हींचं भाडं माणशी तीनशे येनच्या आत, वेळ दहा मिनिटं. गावात दोन्ही स्टेशनं एकमेकांपासून दोन-तीन मिनिटांच्या चालीवर आहेत.

पहिल्या संध्याकाळी सामान हॉटेलात टाकून बाहेर पडा. विमानतळाजवळची बरीच हॉटेलं शेतांच्या मधोमध आहेत, बाहेर पायी जाण्यासारखं काही नसतं. काही हॉटेलांची फुकट बस नारिता स्टेशनला किंवा इऑन मॉलला जाते. चेक-इन करतानाच वेळापत्रक मागून घ्या, कारण शेवटची फेरी बरेचदा लवकर असते. ती चुकली तर टॅक्सीच करावी असं नाही. गाडीने परत विमानतळावर या आणि तिथून हॉटेलची नेहमीची बस पकडा, ती सहसा उशिरापर्यंत चालते. टॅक्सीला रात्री दहानंतर जादा दर लागतो.

इझाकायात बसल्यावर आधी पेय मागवायची पद्धत आहे. दारूच हवी असं नाही, थंड ऊलाँग चहा सर्रास चालतो. पेयाबरोबर न मागता एक छोटी वाटी येते, ती ओतोशी. तिचे माणशी तीनशे ते पाचशे येन बिलात लागतात. ती फसवणूक नाही, तिथल्या बैठकीचा तो आकार आहे. टीप द्यायची नसते. बिल बहुधा दाराजवळच्या गल्ल्यावर भरायचं.

यजमानांसाठी मिठात भाजलेला बांगडा, म्हणजे साबा शिओयाकी, मागवा. सोबत भात, मिसो सूप आणि लोणचं घेतलं की पूर्ण जेवण होतं. दुपारच्या वेळी हेच ‘तेइशोकु’ म्हणून एका ताटात हजार-बाराशे येनला मिळतं. रामेन, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, त्यांनी टाळाव्यात. वरून मासळीचं दिसलं तरी खालचा रस्सा बहुतेक ठिकाणी डुकराच्या किंवा कोंबडीच्या हाडांचा असतो. जपानी करीच्या मसाल्यातही बीफ-पोर्कची चरबी असते. फिरत्या पट्ट्यावरची सुशी मात्र निर्धास्त खा, टचपॅनेलवर इंग्रजी असतं. तिथे टेबलापाशी काळं बटण असलेला नळ दिसेल. तो चहाच्या उकळत्या पाण्याचा आहे, हात धुवायचा नाही. बटण कपाने दाबायचं.

आता तुमचं. जपानमध्ये शाकाहाऱ्याची खरी अडचण ताटात दिसणारे तुकडे नसतात, तर न दिसणारा दाशी असतो. सुकवलेल्या कात्सुओ माशाच्या किसापासून काढलेलं हे पाणी मिसो सूपमध्ये, उदोन या जाड शेवयांच्या रश्श्यात, सोबा या बारीक शेवयांच्या चटणीवजा सॉसमध्ये, अंड्याच्या गोडसर वडीत आणि शिजवलेल्या भाज्यांतही असतं. म्हणून ‘व्हेजिटेरियन’ एवढंच सांगून भागत नाही. समोरचा मनापासून मदत करतो, वरचं चिकन काढून देतो, आणि रस्सा तोच राहतो. शिवाय ‘निकु’ म्हणजे मांस नको म्हटलं की त्यात मासे येत नाहीत, कधी कधी हॅम-बेकनही येत नाही. पूर्ण वाक्य असं: ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन. दाशि मो दामे देस. तामागो वा दाइजोबु देस.’ मांस आणि मासे खात नाही, दाशीही चालत नाही, अंडं चालतं. हे जपानी लिपीत फोनवर तयार ठेवून दाखवलंत तर अजून उत्तम.

त्याच इझाकायात तुमच्यासाठी निघणारे पदार्थ: एदामामे, म्हणजे मीठ घालून उकडलेल्या सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा. हियायाक्को हा गार तोफू. त्यावर माशाचा कीस भुरभुरवतात, म्हणून मागवतानाच ‘कात्सुओबुशि नाशि दे’ म्हणा आणि वर साधा सोया सॉस स्वतः घाला. शिशितो या तिखट नसलेल्या मिरच्या आणि शिइताके अळिंबी सळईवर भाजून मिळतात. त्यांना ‘शिओ’ म्हणजे मीठच सांगा, कारण ‘तारे’ सॉसच्या भांड्यात कोंबडीच्या सळयाही बुडवलेल्या असतात. जाळी तीच असते, ते चालत नसेल तर भाजलेलं सोडून द्या. सोबत साधा भात. भाज्यांचा तेम्पुरा, म्हणजे पिठात बुडवून तळलेल्या भाज्या, मिठाबरोबर खाता येतो, फक्त त्याच तेलात कोळंबी तळलेली असते.

रात्री भूक लागली तर कन्व्हिनियन्स स्टोअर. तिथे शिओ मुसुबी मागा, नुसत्या मिठाचा भाताचा गोळा. उमेबोशी (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबू (समुद्री शैवाल) भरलेला ओनिगिरी, म्हणजे असाच भाताचा गोळा, शाकाहारी वाटतो, पण त्यात पुष्कळदा कात्सुओचा अर्क असतो. फोनच्या कॅमेऱ्याने पाठीमागचा मजकूर भाषांतर करून बघा. समुद्री शैवालात गुंडाळलेला गोळा उघडताना आधी मधली पट्टी वरून खाली पूर्ण ओढायची, मग उजवा आणि डावा कोपरा एकेक करून बाहेर खेचायचा. घाई केली तर शैवाल प्लॅस्टिकबरोबर फाटून निघतं. दह्यात आणि पुडिंगमध्ये जिलेटिन असू शकतं, तेही तपासा.

दुसऱ्या दिवशी सामान हॉटेलात किंवा स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवून साडेनऊपर्यंत ओमोतेसांदोला, म्हणजे देवळाच्या रस्त्याला, लागा. स्टेशनपासून देवळापर्यंत साधारण 800 मीटर. पहिला भाग सपाट, मग रस्ता वळतो आणि देवळाकडे उतरत जातो. येताना तोच चढ आहे, म्हणून चाकांची बॅग ओढत नेऊ नका.

या रस्त्याची ओळख म्हणजे उनागी, गोड्या पाण्यातली वाम. शेजारी इंबानुमा तळं आणि तोने नदी, त्यामुळे ती इथे रुजली. 1910 पासूनच्या कावातोयोसारख्या दुकानात दर्शनी भागातच लाकडी फळीवर काम चाललेलं असतं. कारागीर वामीचं डोकं लोखंडी खिळ्याने फळीला टोचतो, पाठीकडून एकाच ओढीत उभी चिरतो, काटा सपाट सुरीने सोडवतो आणि मांस सळयांवर चढवतो. तुम्हाला बघवणार नसेल तर समोरच्या बाजूने चाला. इकडच्या कान्तो (टोकियोच्या आसपासच्या भागातल्या) पद्धतीत ती आधी नुसती भाजतात, मग वाफवतात, मग सॉसमध्ये बुडवून पुन्हा भाजतात. मधल्या वाफेमुळे चरबी गळते आणि मांस चॉपस्टिकने तुटतं. ओसाकाकडे पोटाकडून चिरतात आणि वाफवत नाहीत, म्हणून तिकडची कुरकुरीत.

लाकडी डब्यात भातावर वाम घालून देतात त्या उनाजूला साडेतीन ते पाच हजार येन धरा. वरचा दर्जा म्हणजे बहुतेक दुकानांत वाम जास्त, चव तीच. पहिल्यांदा खाणाऱ्याला साधा पुरतो. गर्दीच्या दुकानांत आधी बाहेर ऑर्डर देऊन नंबर घ्यायचा आणि मग थांबायचं. नुसतेच रांगेत उभे राहिलात तर मागचे पुढे जातात. दहाला दुकान उघडताच गेलात तर ठीक, बारानंतर तास सहज जातो. शनिवार-रविवार आणि जुलैच्या उत्तरार्धात येणारा उनागी खाण्याचा दिवस टाळलेला बरा. 1 ते 3 जानेवारीला तर या देवळात लाखो लोक येतात, तेव्हा हा बेतच नको.

वामीच्या दुकानात तुमच्यासाठी पांढऱ्या भाताखेरीज काही नसतं. यजमान नंबरची वाट बघतील तेवढ्यात रस्त्यावर खा. निखाऱ्यावर भाजून सोया सॉस लावलेली गरम सेनबेई, म्हणजे तांदळाची कुरकुरीत चकती, अझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण (आन्को) लावलेले दांगो, म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोळे, आणि भाजलेले शेंगदाणे. जपानचे बहुतेक शेंगदाणे याच चिबा प्रांतात पिकतात, दाणा मोठा आणि गोडसर. योनेया या दुकानाचं चेस्टनट घातलेलं योकान ही घट्ट वडी अझुकी, साखर आणि अगार या शैवालापासूनच्या पदार्थाची, त्यात जिलेटिन नाही. इथलं खास लोणचं म्हणजे तेप्पोझुके. पांढऱ्या काकडीसारख्या फळाचा गाभा पोखरून त्यात शिसो या सुगंधी वनस्पतीच्या पानात गुंडाळलेली मिरची भरतात, सोया सॉसमध्ये मुरवतात आणि चकत्या करून भाताबरोबर खातात. आपल्या जिभेला लगेच पटणारी चव आहे. पाकीट घेण्याआधी त्यातले घटक मात्र तपासा, आणि रसासकट पॅक असेल तर चेक-इन बॅगेत टाका, केबिन बॅगेत अडू शकतं. चालता-चालता खायची तिथे पद्धत नाही, कचरापेट्याही नसतात. दुकानासमोर उभं राहून खा आणि काडी त्यांनाच परत द्या.

जेवणं झाल्यावर देऊळ बघा, प्रवेश फुकट आहे. दिवसातून अनेकदा गोमा होतो. हा आपल्याकडूनच बौद्ध धर्माबरोबर तिकडे गेलेला होम आहे, आणि मुख्य देवता फुदो म्यो-ओ म्हणजे अचलनाथ.

पाचच्या विमानासाठी दीडच्या सुमाराला केइसेई-नारिता सोडा. परतीला ‘शिबायामा-चियोदा’ लिहिलेल्या गाडीत बसू नका, ती विमानतळाच्या टर्मिनल स्टेशनला न जाता हिगाशी-नारिताला जाते. बसलातच तर तिथे उतरा. टर्मिनल 2 पर्यंत सुमारे अर्धा किलोमीटरचा भुयारी रस्ता आहे. योग्य गाडीत आधी टर्मिनल 2 आणि 3 चं स्टेशन लागतं, शेवटचं टर्मिनल 1 चं. तिकिटावरचा टर्मिनल नंबर गाडीत चढण्याआधीच बघून ठेवा.